मालक मुंबईला, कुत्रा उपाशी
काशीदच्या बंगल्यांवरील रखवालदारांसाठी एक कामाचा हुन्नर

रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरुडच्या रस्त्याला लागले, कोर्लई आणि बोर्ली मागे पडले, की काशीद येते. पांढरी वाळू आणि सुरूची झाडे पाहण्यासाठी शनिवार-रविवारी येथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. शहाळीवाला, भजीवाला, घोडागाडीवाला यांचा धंदा सर्वांना दिसतो. पण या पट्ट्यात फाटकाच्या आड आणखी एक रोजगार चालतो. त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो म्हणजे शहरातल्या मालकांच्या बंगल्यांची रखवालदारी.

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईकर गाडीसकट या किनाऱ्यावर उतरू लागले. गाडीत सामानाबरोबर कुत्राही असतो. मालक परदेशी निघाले किंवा घरात लग्नकार्य असले, की तो कुत्रा आठ-पंधरा दिवस बंगल्यावरच ठेवला जातो. "मोकळी जागा आहे, मजेत राहील," असे म्हणून मालक निघून जातात. येथून रखवालदाराची परीक्षा सुरू होते.

काशीदला आम्हाला असेच एक चाचा भेटले. नाव छापू नका, म्हणाले. शेठ गेले त्या दिवसापासून त्यांचा लॅब्रॅडोर फाटकाकडे तोंड करून बसला. बशी तशीच राहिली. चाचांनी जीव तोडून प्रयत्न केले. घरच्या मटणाचा रस्सा भातावर घातला, हाडे दिली, दूध दिले. कुत्र्याने थोडे खाल्ले आणि रात्री सगळे ओकून टाकले. चौथ्या दिवशी शेठ परतले, कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि त्या महिन्याच्या पगारातून पैसे कापले. "शेठ, मी त्याला उपाशी ठेवला नाही, तो जेवलाच नाही," हे चाचांचे म्हणणे कोणी ऐकले नाही.

चाचांची नियत साफ होती, मेहनतही होती. माहिती तेवढी नव्हती. ही माहिती कठीण नाही आणि ज्याच्याजवळ ती आहे त्याला तिचे दामही मिळू शकतात, म्हणून हा लेख.

तो का जेवत नाही?

कुत्रा हट्टाने किंवा रागाने उपास करत नाही. त्याचा सारा दिवस माणसाच्या वहिवाटीला बांधलेला असतो. कोण उठवतो, कोण फिरवतो, बशी कोण ठेवतो, हे एका दिवसात बदलले की तो बावरतो. बावरलेल्या जनावराची भूक मरते. त्यात काशीदची दमट उष्णता. शहरात पंख्याखाली किंवा एसीत राहणारा कुत्रा येथे भर दुपारी अन्नाला तोंड लावत नाही, त्यात नवल नाही.

तब्येतीने चांगला, मोठा कुत्रा एखादा दिवस कमी जेवला तर लगेच बिघडत नाही. घाबरून पाच तऱ्हेचे पदार्थ पुढे करण्याने मात्र बिघडते. अन्न एकदम बदलले की जुलाब लागतात आणि भूक आणखी जाते.

भरवण्याची रीत

पहिली गोष्ट, मालक निघण्यापूर्वीची. शक्य असेल तर मालक असतानाच एक-दोन दिवस बशी आपल्या हाताने ठेवावी. या हातातून अन्न येते हे कुत्र्याला कळू द्यावे. त्याचे नेहमीचे खाणे, नेहमीची बशी आणि मालकाने अंगावर वापरलेला, न धुतलेला एखादा सदरा किंवा चादर मागून घ्यावी. ते कापड त्याच्या अंथरुणावर टाकावे. ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो.

दुसरी, वेळ. पहाटे ऊन चढण्यापूर्वी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. आधी थोडे फिरवून आणावे, धाप उतरू द्यावी, मग बशी ठेवावी. जेवल्यावर लगेच पळवू नये. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला त्याने धोका होऊ शकतो.

तिसरी, जागा. वर्दळ, टीव्ही आणि गावठी कुत्र्यांची ये-जा नसेल असा सावलीचा कोपरा निवडावा. बशी ठेवून बाजूला व्हावे. डोळे लावून, "खा, खा" करत समोर बसू नये. काही कुत्र्यांना उलट सोबत लागते. त्यांच्याजवळ पाठ अर्धी वळवून गप्प बसावे.

चौथी, पंधरा-वीस मिनिटांचा नियम. तेवढ्यात खाल्ले तर ठीक, नाही तर बशी उचलावी आणि पुढच्या वेळेलाच ठेवावी. दिवसभर उघडे अन्न ठेवले तर मुंग्या लागतात, कावळे येतात आणि उकाड्यात ते आंबते. पाणी मात्र चोवीस तास स्वच्छ असावे.

पाचवी, वास. कुत्रा आधी नाकाने जेवतो. त्याच्याच खाण्यावर थोडे कोमट पाणी शिंपडले तर वास सुटतो. मालकाची परवानगी असेल तर कांदा, लसूण, मीठ आणि मसाला न घालता उकडलेली, हाडे काढलेली कोंबडी चमचाभर मिसळावी. एक-दोन घास हातावर दिले तरी चालतात, पण जो अंगावर गुरगुरतो त्याला नाही.

रात्री कुत्रा बाहेर बांधू नये आणि उरलेले अन्न अंगणात टाकू नये. मागच्या डोंगरात फणसाडचे अभयारण्य आहे, तेथे बिबट्या आहे. कुत्रा ही त्याची आवडती शिकार.

काय देऊ नये?

आपल्या स्वयंपाकातला रस्सा चवदार असतो, पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. द्राक्षे आणि मनुका यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेट त्याच्यासाठी विष आहे. शिजवलेले हाड फुटून त्याचे टोकदार तुकडे होतात आणि ते घशात किंवा आतड्यात रुततात. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. माणसाच्या तापाच्या व दुखण्याच्या गोळ्या तर चुकूनही देऊ नयेत.

आमचे मटण-चिकनवाले बंधू येथे मदत करू शकतात. हाडे वेगळी काढून, स्वच्छ, बारीक केलेले मांस लहान पुडीत देणारे गिऱ्हाईक टिकवतात. बंगल्यांच्या गावात अशा पुडीला मागणी असते.

रुसवा की आजार?

हा फरक ओळखणे हा खरा हुन्नर. फक्त मन लागत नसेल तर कुत्रा पाणी पितो, फिरायला उठतो, हळूहळू दुसऱ्या दिवशी थोडे तरी खातो. दोन दिवस अन्नाला शिवलाच नाही तर पशुवैद्याला दाखवावे. पाणीही सोडले असेल तर एका दिवसापेक्षा अधिक थांबू नये. पिल्लू असेल, म्हातारा असेल किंवा मधुमेहाचे औषध चालू असेल तर त्याच दिवशी विचारावे.

कोकणात गोचिडांचा उपद्रव मोठा. गोचीड-तापात कुत्रा जेवण सोडतो, सुस्त होतो, हिरड्या फिकट पडतात. म्हणून रोज कानाच्या मागे, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून पाहावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो. पोट फुगले आहे, ओकारीचे उमाळे येतात पण काही पडत नाही, असे दिसले तर ताबडतोब गाडी काढावी. तेथे घटका मोजल्या जातात.

एक इशारा जिवाचा आहे. कुत्र्याचा स्वभाव अचानक बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. ती पिसाळल्याची खूण असू शकते. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच इस्पितळात जाऊन लस घ्यावी. हे काम नेहमी करणाऱ्याने आधीच डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक लस घेतलेली बरी.

आपल्यापुढचा प्रश्न

वाचकांच्या मनात एक शंका येईलच. कोकणातील आपला समाज बहुतांशी शाफई मसलकाचा. कुत्र्याची लाळ नापाक, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीसही आपल्याला ठाऊक आहे. मुक्या जिवाला भुकेले ठेवणे हा दीन नाही. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत, कुत्र्याची भांडी घरच्या भांड्यांत मिसळू नयेत, लाळ लागलेले भांडे सात वेळा, त्यात एकदा मातीने, धुवावे. बाकी मसला आपल्या आलिमांना विचारावा.

जबाबदारी आणि दाम

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'मालक' या शब्दाचा अर्थ मोठा आहे. जनावर ज्याच्या ताब्यात आहे, तोही त्या काळापुरता मालक धरला जातो. म्हणजे शेठ मुंबईला असताना जबाबदारी तुमच्यावरही येते. मग मोबदला केवळ बक्षिशीवर का सोडावा?

अमेरिकेत पॅटी मोरान या बाईंनी १९९४ साली 'पेट सिटर्स इंटरनॅशनल' ही संस्था काढली. दुसऱ्याचे जनावर सांभाळणे हा तेथे रीतसर व्यवसाय आहे. आपल्याकडे ते काम बाग झाडण्याच्या पगारात फुकट धरले जाते.

म्हणून कुत्रा ताब्यात घेताना एक कागद करावा. रोज काय, किती मापाने आणि कधी द्यायचे, औषधे कोणती, हाक कोणत्या नावाने आणि कोणत्या भाषेत मारायची, लशीची वही, पशुवैद्याचा फोन, हे त्यावर असावे. आजारपणासाठी काही रक्कम आगाऊ घ्यावी आणि मालक सापडला नाही तर इलाज करण्याची लेखी परवानगीही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावर वीज गेली, फोन गेले. अशा वेळी विचारायचे कोणाला? रोजचा दर, खाण्याचा खर्च आणि रात्रीच्या मुक्कामाचे पैसे वेगवेगळे लिहावेत.

मग एका वहीत दररोज दोन ओळी लिहाव्यात : सकाळी किती खाल्ले, संध्याकाळी किती. बशीचा फोटो काढून मालकाला पाठवावा. आमच्या त्या चाचांजवळ अशी वही असती, तर "तो जेवलाच नाही" हे पहिल्याच संध्याकाळी शेठला कळले असते आणि पगार कापण्याची वेळ आली नसती.

सोने सांभाळायला दिले तर आपण त्याला अमानत म्हणतो. मुका जीवही अमानतच आहे. सोन्याला भूक लागत नाही, याला लागते, एवढाच फरक. जो ही अमानत राखील आणि तिचा हिशेब चोख ठेवील, त्याच्या रोजीत बरकत यावी आणि त्याच्या कामाला योग्य दामही मिळावे, एवढीच आमची इच्छा.