सोनेरी पॉपी आणि तिचा गोतावळा

कॅलिफोर्नियाचे डोंगरच्या डोंगर केशरी झालेले फोटो पाहिले की प्रश्न ठरलेला: ही अफूच ना? नाही. कॅलिफोर्निया पॉपी आणि अफू एकाच कुळातल्या, पण प्रजाती वेगळ्या. अफूच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक येतो, मॉर्फिन त्यात असतं. या पॉपीला बोंड धरतच नाही. लांब, बारीक शेंग येते, वाळली की तडकते आणि बी उडतं. तिच्यात मॉर्फिन नाही, पण इतर अल्कलॉइड आहेत. म्हणून झोपेसाठी तिचा अर्क घेणाऱ्यांनी ‘झाडपालाच तर आहे’ असं समजू नये; झोपेच्या गोळ्यांबरोबर तर मुळीच घेऊ नये.

खुद्द कॅलिफोर्नियातही एक समज पक्का आहे. हे 1903 पासूनचं राज्यफूल, तेव्हा ते खुडणं गुन्हा! या एका फुलासाठी असा कायदा नाही. सरकारी किंवा परक्याच्या जमिनीवरून विनापरवाना कोणतीही वनस्पती नेता येत नाही. अंगणातली खुशाल तोडा. मला खुडण्यापेक्षा तुडवणं जास्त घातक वाटतं. 2019 मध्ये लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये फोटोसाठी झुंबड उडाली, लोक फुलांत शिरले, झाडं चिरडली. 2023 च्या बहरात प्रशासनाने वाटच बंद केली. असा बहर दरवर्षी येत नाही. हिवाळी पाऊस मनासारखा झाला तरच जमिनीत पडून राहिलेलं बी उठतं.

तिथलं प्रत्येक सोनेरी फूल एकाच जातीचंही नसतं. पाकळ्या गळल्यावर देठाच्या टोकाला बशीसारखी पसरट कड उरली, तर ती कॅलिफोर्निया पॉपी.

आपल्याकडे या कुळातला ओळखीचा गडी म्हणजे पिवळा धोत्रा. तो धोत्र्याचा कोणीच लागत नाही. मूळचा मेक्सिकोकडचा, काटेरी, पिवळ्या चिकाचा. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं आणि धोका तिथेच आहे. 1998 मध्ये दिल्लीत या बियांची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने पाय सुजले, धाप लागली, हृदय निकामी होऊन माणसं दगावली. फोडणीच्या आचेवर हे विष जातं असं धरून चालू नये. सुट्ट्या तेलाचा मोह टाळावा आणि मोहरीच्या शेतातला पिवळा धोत्रा बी धरण्याआधी उपटावा.