परसबागेतील निशिगंधाची लागवड व निगा

निशिगंध अथवा गुलछडी हे मूळचे मेक्सिको देशातील फूलझाड. परंतु महाराष्ट्रात ते इतके रुळले आहे की, त्यास परके म्हणणे आता कोणाच्या मनातही येत नाही. देवपूजा, हार, वेणी, फुलदाणी या सर्वांसाठी त्याचा उपयोग होतो. जागा थोडी लागते व एकदा लावलेला वाफा दोन-तीन वर्षे राहतो. यामुळे परसबागेत त्याची लागवड करणारे पुष्कळ आहेत. तथापि त्यांच्याकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. पहिली दोन वर्षे वाफा फुलांनी डवरतो. पुढे पात माजते आणि फुलाचा दांडा मात्र क्वचितच दिसतो. मग खत वाढविले जाते, पाणी वाढविले जाते आणि अखेर झाडास दोष देऊन वाफा उपटून टाकण्यात येतो. वस्तुतः दोष झाडाचा नसतो. निशिगंधाचा कंद कसा वाढतो हे लक्षात घेतले, तर ही निराशा टाळता येते.

कंदाची वाढ

निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. घड देऊन झालेली केळ जशी पुन्हा घड देत नाही व बुंध्याशी आलेले मुनवे पुढचे पीक देतात, तसेच येथेही घडते. कंदाच्या मध्यातून दांडा निघून गेला की, त्याच्या भोवती लहान कंद धरू लागतात आणि पुढील फुले या नव्या कंदांना येतात. मात्र त्यासाठी त्यांना पोसण्यास जागा, अन्न व ऊन मिळावयास हवे. दोन-तीन वर्षांत एका कंदाच्या जागी लहान-मोठ्या कंदांचा दाट ठोंब तयार होतो. अशा दाटीत कंद पोसत नाहीत, आणि न पोसलेला कंद पात देतो, फूल देत नाही. म्हणून तिसऱ्या वर्षानंतर खत वाढविणे हा उपाय नसून, कंद काढून, निवडून पुन्हा लावणे हाच खरा उपाय होय.

जमीन व जागा

पाण्याचा निचरा चांगला होणारी मध्यम प्रतीची जमीन या झाडास मानवते. भारी काळ्या जमिनीत चांगले कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळून वाफा उंच करावा. कोकणातील जोराच्या पावसात तर गादीवाफ्यावरच लागवड करावी. कारण साचलेल्या पाण्यात कंद कुजतात. दिवसातून निदान सहा तास ऊन पडेल अशी जागा निवडावी. भिंतीच्या अथवा आंब्याच्या सावलीत पात उंच वाढते, पण दांडे थोडे येतात.

जाती

एकेरी पाकळीच्या जातीस सुवास अधिक असतो. हारासाठी व सुट्या फुलांसाठी ती लावावी. दुहेरी पाकळीची जात फुलदाणीत शोभते. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने एकेरी फुलांची ‘शृंगार’ व अनेक पाकळ्यांची ‘सुवासिनी’ अशा जाती तयार केल्या आहेत. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीस या दोन्ही जाती बऱ्याच अंशी दाद देत नाहीत.

लागवड

एप्रिल-मे महिन्यांत लागवड करावी. जमीन ३० सेंटिमीटर खोल खणून दर चौरस मीटरला दोन ते तीन किलो कुजलेले शेणखत मिसळावे. सुमारे दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचे, भरीव व निरोगी कंद निवडावेत. दोन्ही बाजूंनी २० सेंटिमीटर अंतर ठेवून पाच ते सात सेंटिमीटर खोलीवर कंद लावावेत. या अंतराने दोन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफ्यात ५० कंद बसतात. एका कुटुंबास एवढा वाफा पुरेसा आहे. लागवडीनंतर एक पाणी द्यावे व कोंब वर येईपर्यंत जमीन केवळ ओलसर ठेवावी.

खत, पाणी व निगा

कोंब चांगले वाढू लागल्यावर दर चौरस मीटरला १० ते १५ ग्रॅम युरिया द्यावा व पुढे दीड महिन्याने तितकाच पुन्हा द्यावा. याहून अधिक नत्र दिल्यास पात माजते. उन्हाळ्यात जमिनीचा मगदूर पाहून चार-पाच दिवसांनी पाणी द्यावे. पावसाळ्यात उघडीप पडली तरच द्यावे. वाफा तणरहित ठेवावा. खुरपणी हलक्या हाताने करावी, म्हणजे कंदास इजा होणार नाही.

बुंध्याशी पांढरी बुरशी व मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसल्यास तो ठोंब मातीसह काढून नष्ट करावा व पाणी कमी करावे. कळ्यांवर मावा अथवा फुलकिडे आढळल्यास निंबोळीचा पाच टक्के अर्क फवारावा. मुळांवर गाठी आढळल्यास त्या जागी एक हंगाम झेंडू घ्यावा व निशिगंध दुसरीकडे हलवावा.

फुले काढणे

लागवडीपासून सुमारे तीन ते चार महिन्यांनी फुले येऊ लागतात. दांड्यावरील कळ्या खालून वर क्रमाने उमलतात. फुलदाणीसाठी खालच्या एक-दोन जोड्या उमलताच धारदार चाकूने दांडा कापून लगेच पाण्यात ठेवावा. हारासाठी फुले पहाटे, ऊन चढण्यापूर्वी तोडावीत. वाळलेले दांडे मुळाशी कापून टाकावेत.

कंद काढणे व साठवण

तिसऱ्या वर्षीचा बहर संपल्यावर पाणी तोडावे. पात पिवळी पडून वाळली की फेब्रुवारी-मार्चमध्ये कुदळीने ठोंब अलगद उचलावेत. माती झाडून, वाळलेली पात व मुळे कापून कंद सुटे करावेत व सावलीत, हवेशीर जागी पातळ थर देऊन पसरावेत. चार-पाच दिवसांनी ते परतावेत, म्हणजे कुजणार नाहीत. एक महिना अशी विश्रांती मिळालेले कंद चांगले उगवतात. मोठे कंद फुलांच्या वाफ्यात लावावेत. दीड सेंटिमीटरहून लहान कंद टाकून न देता निराळ्या वाफ्यात वर्षभर वाढवावेत. पुढील हंगामात तेच फुलण्याजोगे होतात.

याप्रमाणे दर तीन वर्षांनी कंदांची निवड केल्यास बाजारातून पुन्हा कंद आणण्याचे कारण उरत नाही. शेजाऱ्यांस देण्याइतके कंद घरीच तयार होतात, आणि देव्हाऱ्यातील फुलांचा खर्चही वाचतो.