प्रीमियम घेतलंय ना, मग बारमध्ये गाणी लावली तर काय बिघडलं?

आजचा प्रश्न साधा वाटेल. दर महिन्याला पैसे भरून स्पॉटिफाय प्रीमियम घेतलं, फोन ब्लूटूथ स्पीकरला जोडला आणि आपल्या बारमध्ये गाणी लावली. पैसे भरलेत, मग केस कसली?

तर ते पैसे तुम्ही स्वतः ऐकायला भरलेत. ॲपच्या अटींमध्ये तसं लिहिलेलंही असतं. (त्या अटी कोणी वाचत नाही, हे मी ॲप बनवणारा माणूस म्हणून सांगतोय.) गिऱ्हाइकांसमोर गाणं वाजवणं हा कायद्याने वेगळा हक्क आहे.

हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे. न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर शॅन्लीचं रेस्टॉरंट होतं. तिथे जेवणाच्या वेळी गाणंबजावणं चालायचं, आणि त्यात व्हिक्टर हर्बर्ट या संगीतकाराच्या ‘स्वीटहार्ट्स’ या संगीत नाटकातलं गाणं परवानगी न घेता गायलं गेलं. हर्बर्ट कोर्टात गेला. मालकाची बाजू अशी, की आम्ही गाण्याचं तिकीट कुठे घेतो? लोक जेवणाचे पैसे देतात. खालच्या कोर्टांना हे पटलं. पण 1917 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होम्स यांनी ते उडवून लावलं. गिऱ्हाईक जेवणासोबत माहोलाचेही पैसे मोजतं, आणि संगीताने धंद्याला फायदा होत नसता तर मालकाने ते ठेवलंच नसतं. मला हा मुद्दा आजही बिनतोड वाटतो.

पण एकटा संगीतकार किती बार फिरणार? म्हणून हर्बर्ट आणि मंडळींनी 1914 मध्येच ॲस्कॅप ही संस्था काढली होती. बारवाल्याने संस्थेला फी भरायची, संस्थेने ती सभासदांत वाटायची.

आपल्याकडे एका गाण्यात तीन थर धरा: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. पहिल्या दोन्हींचं लायसन्स आयपीआरएस देते. तिसऱ्यासाठी पीपीएल किंवा नोव्हेक्स, गाणं कुठल्या म्युझिक कंपनीचं आहे त्यावर. पूर्वी सिनेमाच्या गाण्यांचे हक्क बहुतेक निर्मात्याकडेच जायचे. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा मिळाला, आणि तो कंपनीला सही करून देताही येत नाही. जावेद अख्तर यासाठी राज्यसभेत भांडले होते.

लग्नाच्या वरातीला मात्र कायद्यात सूट आहे, त्यामुळे डीजेवाल्या दादांनी घाबरू नये.

बारवाल्यांची तक्रारही खोटी नाही. इतक्या जणांची बिलं येतात, त्यात खरा हक्कदार कोण? पीपीएल ही सरकारदरबारी नोंदलेली कॉपीराइट सोसायटी नाही. जानेवारी 2024 मध्ये मुंबई हायकोर्ट म्हणालं, गाण्यांचे मालक म्हणून पीपीएल आणि नोव्हेक्स लायसन्स देऊ शकतात. एप्रिल 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने एका रेस्टॉरंट साखळीच्या केसमध्ये उलटं सांगितलं: आधी नोंदणी करा, नाहीतर नोंदणीकृत सोसायटीचे सभासद व्हा. आठवड्याभरात सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. एकाच कायद्याचे असे दोन अर्थ, आणि मध्ये छोटा कॅफेवाला.

तुमच्यापैकी कोणी कॅफे काढत असेल, तर ‘कोणाकडूनच लायसन्स नको’ असा याचा अर्थ काढू नका. फी मागायला आलेल्या संस्थेकडे आधी गाण्यांची यादी आणि दरपत्रक मागा. आणि अगदीच बजेट नसेल, तर गावातल्या एखाद्या बँडला बोलवा, जो स्वतःची गाणी गातो. फक्त त्यांनी ती गाणी आधीच कुठल्या कंपनीला किंवा संस्थेला दिलेली नाहीत ना, हे विचारून घ्या.