नांगर, कंदील आणि बार्शी लाईट

पुणे-मिरज लोहमार्गावर सातारा जवळ आला की डब्यातली निम्मी माणसं डुलक्या काढू लागतात. महाराष्ट्राच्या यंत्रयुगाची पहिली पावलं बघायची असतील, तर नेमकं याच पट्ट्यात जागं राहायला हवं. इथे संग्रहालयासारखी ना तिकीटखिडकी, ना काचेची कपाटं. गावांची नावं तेवढी वाचत जायची.

वरच्या अंगाला सातारारोड. धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात इथे लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिनं बनली. हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, हे आज साताऱ्यातही फार कुणाला आठवत नाही. पुढे कऱ्हाडचं स्टेशन लागतं. ते गावापासून दूर, ओगलेवाडीत आहे. ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला आणि वडिलांच्या नावाचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचवला. वीज येण्याआधी कितीतरी पोरांचा अभ्यास त्याच्याच उजेडात झाला. त्यापुढचं शेणोली मात्र वेगळ्या कारणाने लक्षात ठेवायचं. इंग्रज राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सैनिकांनी १९४३ च्या जूनमध्ये पगार घेऊन जाणारी गाडी लुटली, ती इथेच.

आणि मग किर्लोस्करवाडी. उतरावं असं हे स्टेशन. पूर्वी याचं नाव कुंडल रोड होतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण डोळ्यांना काही रंगच नीट ओळखू येईनात. मग ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. १८८८ मध्ये बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान थाटलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि नांगर सुरू केले. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी नांगराला हात लावेनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातला निवडुंगाने आणि सापांनी भरलेला माळ दिला. १९१० साली तिथे वसाहत उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाल्याची अशी उदाहरणं जगात किती असतील?

गंमत म्हणजे याच माळावरून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ही. नांगरांच्या कारखान्याने मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला वळण लावलं. कारखाना अजून चालू आहे, त्यामुळे परवानगीशिवाय आत डोकावता येत नाही. सवड असेल तर औंधही गाठा. लक्ष्मणरावांना जागा देणाऱ्या त्याच राजाने उभारलेलं चित्रसंग्रहालय मूळपीठाच्या डोंगरावर आहे.

शेवट मिरजेत. एके काळी या जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ होते. नॅरोगेज म्हणजे बार्शी लाईट, अवघी अडीच फुटी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने १८९७ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू केला. ओझं सगळ्या चाकांवर सारखं वाटलं की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने दाखवून दिलं. पुढे या गृहस्थाने वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. ही गाडी १९२७ साली मिरजेला पोचली आणि वारकऱ्यांनी खचाखच भरून पंढरपूरला जाऊ लागली. आता तिथेही ब्रॉडगेज आहे.

रूळ उखडले गेले. वस्तू मात्र अजून घराघरांत आहेत. तुमच्या माळ्यावर ‘प्रभाकर’ कंदील किंवा गोठ्यामागे किर्लोस्करांचा नांगर पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी गावातल्या शाळेला किंवा वाचनालयाला विचारा.