कंपनीचे नाव बदलले तेव्हा

दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी बैहरला भेटावयास आला. मुंबईतील एका कंपनीत तो सचिव आहे. कंपनी-सचिवांच्या वार्षिक परिषदेहून तो नुकताच परतला होता; तेथे कंपन्यांच्या विलीनीकरणावर दिवसभर चर्चा झाली म्हणे. मी पडलो भाषेचा मास्तर. दोन स्वरांचा संधी झाला की मूळचे दोघेही नाहीसे होतात, एवढेच मला ठाऊक. "कंपन्यांचेही तसेच ना?" मी विचारले.

"नाही सर, तेथे दोघांचेही देणे शिल्लक राहते."

मग त्याने समजावून सांगितले. विलीनीकरणाची योजना पूर्वी १९५६ च्या कंपनी कायद्याप्रमाणे उच्च न्यायालयापुढे जात असे. २०१६ च्या अखेरीपासून ती राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे जाते. भागधारकांच्या आणि धनकोंच्या निरनिराळ्या सभा भरतात. मत देणाऱ्यांत संख्येने बहुमत तर हवेच, शिवाय रकमेच्या मापाने तीन-चतुर्थांश संमती हवी. मी विचारले, कामगारांची सभा केव्हा असते? तो जरा थांबला. कामगार म्हणून त्यांची अशी वेगळी सभा नसते, असे त्याने सांगितले.

तेव्हा मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

माझे आजोबा बालाघाट-बैहर रस्त्यावरील उकव्याच्या मँगनीज खाणीत १९४८ साली हजेरी-कारकून म्हणून लागले. मालक होती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी. १८९६ साली एका सिंडिकेटच्या रूपाने जन्मलेली ही कंपनी इंग्लंडात नोंदलेली होती. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. कंपनीच्या खाणी मात्र दोन्हीकडे होत्या. इकडे भरवेली, उकवा, तिरोडी. तिकडे चिखला, डोंगरी बुजुर्ग, कांद्री. १९६२ साली भारत सरकारशी करार होऊन मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड स्थापन झाली. केंद्र, मध्यप्रदेश व महाराष्ट्र या तीन सरकारांचे मिळून ५१ टक्के भाग, जुन्या कंपनीचे ४९.

हे काटेकोर अर्थाने विलीनीकरण नव्हे, मालमत्तेचे हस्तांतर होय, अशी दुरुस्ती विद्यार्थ्याने केली. (गुरूची चूक काढताना त्याला झालेला आनंद लपला नाही.) आणखी एक मर्म त्याने सांगितले. साध्या ठरावास निम्म्याहून अधिक मते पुरतात. पण कंपनीची नियमावली बदलावयाची तर विशेष ठराव, म्हणजे तीन-चतुर्थांश मते लागतात. सबब ४९ टक्केवाल्याची संमती १९७७ पर्यंत आवश्यकच होती. त्या वर्षी उरलेले भागही सरकारने घेतले.

आजोबांना या टक्केवारीशी कर्तव्य नव्हते. खाणीवर कोणीतरी उठवून दिले होते की नव्या कंपनीत नोकरी नव्याने मोजली जाणार, मागची चौदा वर्षे बुडाली. त्यांनी रात्री जागून काढल्या, असे आजी सांगे. वास्तविक औद्योगिक विवाद कायद्यात १९५७ पासूनच तरतूद होती: मालक बदलला तर कामगाराला कपातीची भरपाई द्यावी, अथवा नव्या मालकाने त्याची नोकरी अखंड मानून पूर्वीपेक्षा कमी नाहीत अशा अटींवर ठेवावे. पण हा कायदा उकव्याच्या कारकुनास कोण वाचून दाखविणार? आजोबांनी १९४८ चा नेमणुकीचा कागद मेणकापडात गुंडाळून या पेटीत ठेवला. १९७६ साली ते निवृत्त झाले. १९७२ च्या कायद्याप्रमाणे दरवर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचे वेतन उपदान म्हणून मिळावयाचे. चौदाच वर्षे धरली असती तर रक्कम अर्धी झाली असती. अठ्ठावीस वर्षे धरली गेली. त्या पैशांतून आमच्या आत्याचे लग्न झाले.

डिसेंबर २०१० मध्ये याच कंपनीचे भाग शेअर बाजारात आले. तेव्हा आजोबा नव्हते.

विद्यार्थ्याने कागद उजेडात धरून पुन्हा पुन्हा वाचला आणि पुढील वर्षीच्या परिषदेत दाखविण्यासाठी मागितला. मी दिला नाही. त्याने मोबाईलवर छायाचित्र घेतले आणि संध्याकाळच्या बसने तो बालाघाटला गेला.