आजार शांत आहे, मग ओपीडीची खेप कितीदा?

अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाला परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात तपासणीला यायचं असलं, की त्याचा हिशेब आदल्या रात्रीच सुरू होतो. लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. मग सकाळी काही न खाताच निघायचं, वाटेत कुठल्या स्टेशनात सोय आहे ते लक्षात ठेवायचं. लालबाग-गिरगावच्या चाळीतून येणाऱ्याचा प्रवास थोडा, पण घरी सामायिक संडासाची रांग असतेच. पुढे केसपेपरची रांग, ओपीडीची रांग. आजार शांत असेल तर आतलं संभाषण दोन मिनिटांचं: ‘कसं आहे?’, ‘बरं आहे’, ‘त्याच गोळ्या चालू ठेवा’.

ही दोन मिनिटं फोनवर भागणार नाहीत का?

आधी आजाराविषयी. इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आयबीडी, हा आतड्याला वारंवार सूज आणणारा दीर्घकाळचा आजार. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही. आजार उसळतो, औषधांनी शमतो, कधी वर्षानुवर्षं गप्प बसतो. या गप्प काळात रुग्णावर दुरून लक्ष ठेवता येईल का, हे नेदरलँड्समध्ये ९०९ रुग्णांवर तपासलं गेलं. निम्म्या रुग्णांना नेहमीची ओपीडी, तर बाकीच्यांना ठरावीक काळाने प्रश्न विचारणारी ऑनलाइन व्यवस्था मिळाली. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरात दुसऱ्या गटाच्या ओपीडीच्या खेपा सरासरी २.३४ ऐवजी १.५५ झाल्या, रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाणही घटलं आणि आजार उसळण्याचं प्रमाण काही वाढलं नाही.

मात्र ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर विसंबून चालत नाही. पोट शांत असतानाही आतड्याला सूज असू शकते. उलट, जुलाब होत असले तरी सूज नसेल, असंही होतं. यासाठी शौचाच्या नमुन्यातून होणारी कॅलप्रोटेक्टिन तपासणी उपयोगी पडते. सूज आलेल्या ठिकाणी जमणाऱ्या पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन. साधारणपणे एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर निश्चिंत राहावं, २५०च्या वर गेलं तर डॉक्टरांना लगेच कळवावं आणि मधल्या आकड्याला पुन्हा तपासून पाहावं. जंतुसंसर्गाने किंवा काही वेदनाशामक गोळ्यांनीही हा आकडा चढतो. त्यामुळे पावसाळ्यात बाहेरचं खाऊन पोट बिघडलं असेल तर तेही सांगायला हवं. ही तपासणी स्वस्त नाही, ही आपल्याकडची खरी अडचण. नमुना देताना लाजू नये. प्रयोगशाळेतल्या माणसासाठी ते रोजचं काम आहे.

अझाथायोप्रिन चालू असेल तर रक्तातल्या पेशी आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते. ती दादरच्या एखाद्या लॅबमध्ये करून अहवाल मोबाइलवर पाठवला तरी काम होतं. खरा धोका वेगळाच आहे. ओपीडी लांबली, की गोळ्याही लांबतात. बरं वाटतंय म्हणून मेसालामिन स्वतःच बंद करणाऱ्यांचा आजार पुन्हा उसळण्याची शक्यता वाढते. फोनवरच्या सल्ल्यात सगळ्यात आधी विचारायला हवा तो हाच प्रश्न: गोळ्या चुकल्या का?

केंद्र सरकारने मार्च २०२०मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यानुसार डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्यानंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांचा फोनवर किंवा व्हिडिओवर घेतलेला सल्ला फॉलो-अप धरला जातो. फोन पुरेसा नाही असं डॉक्टरांना वाटलं, तर ते बोलावून घेऊ शकतात.

शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, पोटात जोरात कळा, वजन घटणं यांपैकी काही असेल तर मेसेज पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये, रुग्णालय गाठावं. केमिस्टकडून जुन्या चिठ्ठीवर स्टिरॉइड तर मुळीच घेऊ नये. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आणि अमीबाची आवही अगदी अशाच दिसतात. स्टिरॉइडने क्षय बळावतो. आणि मोठ्या आतड्याच्या आजाराला आठेक वर्षं झाली असतील, तर कर्करोगाच्या शक्यतेसाठी कोलोनोस्कोपी लागते. तिला मात्र रुग्णालयातच जावं लागतं.