अजिंठ्याचा विस्मृत भिक्षुसंघ

अजिंठ्याची चित्रे जगविख्यात आहेत. तेथे राहणारा संन्यस्त समुदाय मात्र विस्मृतीत गेला. वाघूर नदीच्या वळणावरील ३० लेण्यांपैकी बहुतेक विहार, म्हणजे भिक्षूंची निवासस्थाने होती. मंडपाभोवतीच्या लहान खोल्या त्याची साक्ष देतात. पाचव्या शतकाच्या अखेरीस वाकाटकांचा राजाश्रय संपला. पुढे संघही पांगला. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी आढळली, तेव्हा ती ओस पडलेली होती. तरीही २६ व्या लेण्यातील शिलालेखात बुद्धभद्र या भिक्षूचे नाव टिकून आहे. त्यात त्याने आपल्या मातापित्यांचेही स्मरण केले आहे.

आपल्या धर्मग्रामांतूनही कुटुंबे स्थलांतर करतात. त्यांच्या श्रद्धेची साक्ष उरावी म्हणून स्नानसंस्काराच्या नोंदवह्या व दफनभूमीतील नावे आपण जपावीत, असे आम्हांस वाटते.